कॉफी कोणावर पडायला हवी होती?

संध्या मेनन यांच्या ‘व्हेन डिंपल मेट रिशी’ (२०१७) या कादंबरीत सुरुवातीलाच एक प्रसंग आहे, तो वाचताना हसू येतंच. डिंपल शाह ही अठरा वर्षांची, स्टॅनफर्डला प्रवेश मिळालेली मुलगी. डोक्यात सतत कोडिंग, आणि आईच्या काजळ-बिजळ लावण्याच्या आग्रहाला विटलेली. अ‍ॅप बनवायला शिकवणाऱ्या उन्हाळी शिबिरासाठी ती सॅन फ्रान्सिस्कोला पोचते, तर एक अनोळखी मुलगा पुढे येऊन तिला चक्क ‘भावी बायको’ म्हणतो. ती हातातली थंडगार कॉफी त्याच्या तोंडावर फेकून पळ काढते.

त्या मुलाचा, रिशी पटेलचा, यात काही दोष नाही. दोन्ही घरच्या मोठ्यांचं आपसात बोलणं झालेलं असतं. डिंपललाही सगळं ठाऊक आहे अशा समजुतीत तो बिचारा आलेला असतो. तिला मात्र कोणी काही सांगितलेलंच नसतं. कॉफी ज्यांच्यावर पडायला हवी होती, ती मंडळी घरी निवांत असतात.

पुढे दोघं प्रेमात पडतात. प्रेमकथाच आहे, पडणारच. आणि शेवट गोड झाला की वाचक आईवडिलांना माफ करून मोकळा होतो. माझं घोडं इथेच अडतं. रिशी सज्जन निघाला, त्याला तिच्या हुशारीचं कौतुक वाटलं, यात आईवडिलांची करामत कुठली? तो आढ्यतेखोर निघाला असता तर हीच लपवाछपवी आपल्याला क्रूर वाटली असती.

बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने १९७६ साली ‘नैतिक दैव’ या कल्पनेची चर्चा करताना चित्रकार गोगँचं उदाहरण घेतलं होतं. बायकामुलांना सोडून चित्रं काढायला गेलेला माणूस. चित्रं थोर झाली, म्हणून त्याचा निर्णय आपल्याला पटण्याजोगा वाटू लागतो. पण विल्यम्सने एक गोष्ट सोडली नाही: त्याला यश मिळालं, तरी ज्यांना त्याने सोडलं त्यांची तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही.

मग डिंपलची तक्रार नेमकी काय? मुलगा दाखवला ही नव्हे. ती त्याआधीच्या एका दिवसाबद्दल आहे, आणि कॉफीच्या गडबडीत तो दिवस आपण विसरतो. महागड्या शिबिराला आईवडील नाहीच म्हणतील असं तिने धरलेलं असतं, आणि ते हो म्हणतात. आपल्याला काय हवंय ते अखेर यांना कळलं, असं तिला वाटतं. तिला झालेला तो आनंद खोट्या नाण्यासारखा होता. रिशी पुढे कितीही चांगला वागो, तो दिवस तिला तो परत देऊ शकत नाही.

‘आधी सांगितलं असतं तर ती गेलीच नसती,’ हे आईवडिलांच्या बाजूचं नेहमीचं उत्तर. बरोबर आहे, गेली नसती. म्हणजे त्यांना चुकवायचा होता तो तिचा नकारच, आणि तो नकार द्यायचा की नाही हे तिने ठरवायचं होतं.

आपल्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमावर आपण सगळ्यांनी भरपूर विनोद केले आहेत, आणि ते त्याच लायकीचे आहेत. तरी त्यात एक सरळपणा होता: ट्रे घेऊन येणारीला आपण तो का घेऊन येतोय हे माहीत असायचं. इथे अमेरिकेत ट्रे गेला. त्याच्या जागी मंडळाच्या गणपतीत ‘अगं, या काकूंचा मुलगाही कॉम्प्युटर सायन्सलाच आहे, जरा बोल ना त्याच्याशी’ आलं. दिसायला हे जास्त आधुनिक. पण ‘परदेशातल्या पालकांची घालमेल’ म्हणून सोडून द्यावं असंही नाही. ‘मिसमॅच्ड’ या नेटफ्लिक्सच्या मालिकेने २०२० मध्ये ही गोष्ट जयपूरला नेली, डिंपलच्या भूमिकेत आपली प्राजक्ता कोळी, आणि लग्नाचं लपवून मुलीला शिबिराला धाडण्याचा डाव तिथेही तसाच खपला.

मेननबाईंच्या याच मालिकेतल्या २०१९ च्या कादंबरीत लपवाछपवी उलट्या दिशेने होते. स्वीटी नायर शाळेची उत्तम धावपटू, पण जाड. तिच्या वजनाचं कारण काढून आई रिशीच्या धाकट्या भावाचं, आशीषचं, नाव उडवून लावते. मग स्वीटी आईला न सांगता त्याला भेटू लागते. दोन्हीकडे खोटंच, तर फिटंफाट झाली म्हणावं का? मला तसं वाटत नाही. स्वीटी लपवते ते स्वतःच्या आयुष्यातलं. डिंपलचे आईवडील लपवतात ते डिंपलच्या आयुष्यातलं. शिवाय शिबिराची फी कोण भरतं, आणि कोणाच्या घरात कोण राहतं, हेही हिशेबात धरायला हवं.

आशीषचे आईवडील तर कहरच करतात. दोघांनी कुठे-कुठे भेटायचं याचा लेखी करार करून त्यावर दोघांच्या सह्या घेतात. पोरांच्या प्रेमात कागदपत्रं! पण सही करताना त्या दोघांनाही कागदावर काय लिहिलंय ते ठाऊक असतं.