तळ्यातला जीव कोण राखतो?

पावसाळ्यात पूर्व विदर्भातल्या एखाद्या मामा तलावाच्या कडेला, उथळ पाण्यात पाणवनस्पती दाट माजलेल्या असतात, तिथे कधी कधी तांबूस-नारिंगी ठिपक्यांचा पुंजका पाण्याच्या वरच्या थरात हलताना दिसतो. ती मरळीची पिल्ले. शेकड्यांनी असतात, एकमेकांना धरून फिरतात आणि श्वास घ्यायला वर येतात. त्यांच्या खाली आईबाप पहाऱ्यावर असतात. मरळ एरवी पक्की शिकारी, बेडूक आणि लहान मासे सहज गिळणारी. पण पिल्ले हाताशी येईपर्यंत ती त्यांना सोडून हलत नाही आणि जवळ येईल त्याच्यावर धावून जाते. त्यामुळे याच दिवसांत तिला धरणे सर्वांत सोपे असते. पुंजक्यापाशी गळ टाकला की काम झाले. मरळ त्या रात्री कालवणात जाते आणि उघडी पडलेली पिल्ले दुसऱ्या माशांच्या पोटात.

हा गळ टाकावा का? मासे खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या, दोघांनाही अडवणारा हा धर्मप्रश्न आहे. ‘मासा मारणे पाप की नाही’ एवढ्यावर तो संपत नाही. एका जिवावर एक पुंजका अवलंबून आहे, पुंजक्यावर पुढच्या सालचे तळे आणि तळ्यावर गाव. मग हिंसेचा हिशेब नेमका कुठे मांडायचा?

या प्रश्नाशी भारतीय परंपरा फार आधीपासून झुंजते आहे. शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत आलेला इवलासा मासा अभय मागतो आणि कारणही सांगतो: आम्ही लहान असतो तोवर मासाच माशाला गिळतो. मनू त्याला आधी घटात ठेवतो, मग खड्ड्यात आणि मोठा झाल्यावर समुद्रात सोडतो. पुढे याच अनुभवावरून राज्यशास्त्राने मात्स्यन्यायाची कल्पना घेतली. महाभारताच्या शांतिपर्वात आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजा हवा तो बळी तो कान पिळी हा व्यवहार थांबवण्यासाठी. मनूच्या कथेत मात्र मोठा मासा दोषी ठरत नाही. निसर्गाचा तो क्रम मोडायला कोणी जात नाही. लहानग्याला वाढायला वेळ आणि जागा दिली जाते, बस्स. आजचे मत्स्यविभागही तेच करतात. मत्स्यजिरे संगोपन तळ्यात वाढवायचे, बोटाएवढे झाले की बोटुकली म्हणून मोठ्या पाण्यात सोडायचे.

सम्राट अशोकाची भूमिका आणखी नेमकी होती. अहिंसेचा एवढा मोठा पुरस्कर्ता, पण त्याने मासेमारी सरसकट बंद केली नाही. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात त्याने काही जातींच्या माशांना कायमचे अभय दिले आणि चातुर्मासीच्या पौर्णिमा, तिष्य पौर्णिमा, उपोसथ अशा ठरावीक दिवशी मासे मारण्याला आणि विकण्याला बंदी घातली. कोळ्यांच्या राखीव पाण्याचा त्या लेखात वेगळा उल्लेख आहे. त्या दिवसांत तिथे इतर प्राणीही मारायचे नाहीत. म्हणजे कोळ्याचा धंदा त्याने मोडला नाही, त्याला मर्यादा आखून दिली.

जैन विचार त्याहून कठोर आहे. मासेमारीला तिथे थाराच नाही. तरी श्रावकाला निषिद्ध असलेल्या पंधरा उद्योगांच्या यादीत सरोवर, डोह आणि तलाव सुकवणे हेही आहे, ही गोष्ट फार महत्त्वाची. पाणी आटवणाऱ्याने हातात जाळे घेतलेले नसेल, एकाही माशाला स्पर्श केलेला नसेल, तरी तो हिंसेचा धनी आहे. जीव ज्याच्या आधाराने जगतो त्या आधारालाच इजा करणे म्हणजे हिंसा, हे या परंपरेने फार पूर्वी ओळखले होते.

छोट्या तलावात याची प्रचिती लवकर येते. समुद्र बराच काळ चुका पोटात घालू शकतो, वीस-तीस एकरांच्या पाण्याला ते जमत नाही. 1952 साली भारतात आणलेला तिलापिया अशा पाण्यात शिरला की लहानपणीच वयात येतो. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे फार थोडी मरतात. शिकारी मासा नसेल आणि कोणी पकडणारही नसेल, तर थोड्याच काळात तळे बोटभर, खुरटलेल्या, अर्धपोटी माशांनी भरून जाते. आफ्रिकन मागूर तर स्थानिक माशांचाच फडशा पाडतो. 2000 साली त्याच्या संवर्धनावर देशात बंदी आली. पुण्य म्हणून बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन देवळाच्या तळ्यात सोडणाऱ्या भाविकाची दया खरी असते. पण सोडलेला मासा कोणता आणि तळ्यात आधी कोण राहते, हे न पाहता केलेली दया तिथल्या जिवांच्या मुळावर येते.

उलट बाजूला मासे धरणारे ढीवर आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने त्यांतले अनेक बांधले. सिंचनासाठी बांधलेल्या या पाण्यात ढीवर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरत आले. मालगुजारी गेली 1950 च्या दशकाच्या आरंभी आणि तलाव सरकारकडे गेले. पुढे मत्स्य सहकारी संस्थांना ते ठेक्याने मिळू लागले. ठेका भरायचा तर उत्पन्न हवे, म्हणून कटला, रोहू, मृगळ यांचे बीज दरवर्षी आणून सोडायचे. हे मासे वाहत्या नदीत अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात घालत नाहीत. 1957 साली हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी संप्रेरक टोचून त्यांचे प्रजनन घडवून आणले आणि बीजाचा पुरवठा सोपा झाला. त्याने पुष्कळांच्या ताटात मासा आला, हे मोठे काम आहे. पण तळ्याची ओळख बदलली. विकत आणलेले बीज सोडा, वाढवा, काढा, एवढाच व्यवहार उरला. स्वतःहून वाढणारी मरळ, शिंगी आणि बारीक देशी मासळी या हिशेबात बसेना. गाळ साठला, काठावर बेशरमाची झुडपे माजली, अंडी घालायच्या जागा गेल्या.

अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवरांच्या सोबतीने हे चक्र उलटे फिरवायला घेतले. मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी आधी ढीवरांचे ऐकायला बसले: कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, काय खातो, कुठे लपतो. मग बेशरम उपटली गेली आणि पाणवनस्पती चिखलात पुन्हा लावल्या गेल्या. या कामात ढीवर बाया पुढे होत्या. भाताच्या रोवणीत मुरलेले हातच तळ्याच्या तळाशी रोपे खोचत होते. वनस्पती परतल्या तसे देशी मासे आणि पाणपक्षीही परतू लागले. हे करणारी माणसे मासे मारतात, विकतात, खातात.

इथे एक आक्षेप टाळता येत नाही. माशांची संख्या टिकली म्हणून मेलेल्या माशाची वेदना पुसली जाते का? नाही जात. जाळ्यात तडफडणारी मरळ ‘मरळ या जातीचा अंश’ म्हणून मरत नाही, ती एकटी मरते. ज्याने त्या वेदनेपोटी मासा सोडला, त्याचा निर्णय आदराचाच आहे. मात्र त्याच्या ताटातला तांदूळही कुठल्या तरी तलावाच्या पाण्यावर पिकतो आणि त्याच्या शेतातले कीटकनाशक पावसाबरोबर त्याच तलावात उतरते. मासा न खाणे ही स्वतःपुरती सुटका झाली. तळ्याचे ऋण त्याने फिटत नाही. आणि खाणाऱ्याचा मारण्याचा हक्क राखण्याच्या कर्तव्यावाचून पोकळ आहे.

व्रतवैकल्यांनाही हीच कसोटी लावायला हवी. महाराष्ट्रात पुष्कळ घरे श्रावणात मासळी वर्ज्य करतात. पण गोड्या पाण्यातले अनेक मासे पहिल्या पावसालाच अंडी घालायला निघतात. कोकणात वलगणीचे मासे शेतात चढतात ते मृगाच्या आसपास, आणि तेव्हाच गाभोळीसकट टोपल्या भरल्या जातात. श्रावण येईतो बराचसा विणीचा काळ सरलेला असतो. व्रताचा हेतू जिवाला जपण्याचा असेल, तर ते अलीकडे ओढायला श्रद्धेची आडकाठी नसावी. श्रद्धेने पाणी राखल्याचे दाखले तर आहेतच. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत आणि वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथे देवाचे म्हणून मासे धरले जात नाहीत, आणि तिथे महसीर टिकून आहे.

गावांना आज कायद्याचाही आधार आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने जलाशयातले मासे आणि इतर उपज यांवर सामूहिक हक्क मान्य केला आहे आणि वनहक्कधारक व ग्रामसभा यांच्याकडे पाण्याचे स्रोत राखण्याची जबाबदारीही दिली आहे. ज्या गावांच्या पदरात हे हक्क पडले आहेत, त्यांच्या ग्रामसभांना मृगापासून दोन महिने तळ्याचा वनस्पतींनी भरलेला कोपरा जाळ्यापासून मोकळा ठेवता येईल, पिल्ले राखणाऱ्या मरळीवर गळ टाकायचा नाही असा ठराव करता येईल आणि ठेक्याच्या रकमेबरोबर देशी माशांची नोंदही मागता येईल. ठराव ढीवरांच्या तोंडून यावा, कारण मरळ कधी आणि कुठे विणते हे तेच नेमके सांगू शकतात.