अर्जुनाला पहिला उपदेश लागूच पडला नाही



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक २ ते १०.

रविवारी आमचं गीतावाचन संपलं आणि सगळे चपला घालत होते. तेवढ्यात एका मुलीने हळूच विचारलं, "दादा, पॉझिटिव्ह थिंकिंगने डिप्रेशन जातं का हो? आई म्हणते, रोज गीता वाच, गोळ्या कशाला?" मी गुळमुळीत काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला. कारण याचं उत्तर मला चांगलं माहीत आहे, चूक करून शिकलोय.

आधी पोथी उघडू. पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग. अर्जुन स्वतःची अवस्था सांगतो तेव्हा 'मला वाईट वाटतंय' एवढ्यावर थांबत नाही. गात्रं गळून गेली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंग थरथरतंय, त्वचेची आग होतेय, गांडीव हातातून सुटतंय, उभंही राहवत नाही आणि मन भोवंडतंय. त्या काळातला सर्वश्रेष्ठ धनुर्धर हे बोलतोय, कुणी कच्च्या मनाचा माणूस नव्हे. आणि या ४७ श्लोकांत भगवंत किती बोलतात? जमलेल्या या कौरवांना बघ, एवढंच. बाकी सगळा वेळ ते ऐकतात.

मग दुसऱ्या अध्यायात, श्लोक २ आणि ३ मध्ये, ते बोलतात. भलत्या वेळी हे काय सुचलं तुला, हे तुला शोभत नाही, मनाचा दुबळेपणा टाक आणि ऊठ. आपले व्हॉट्सॲप स्टेटस साधारण याच सुरातले असतात ना? पण पुढे काय होतं ते आपण वाचतच नाही. अर्जुन उठत नाही! उलट वाद घालतो, भीष्म-द्रोणांचं काय करू म्हणून विचारतो. सातव्या श्लोकात 'मी तुझा शिष्य, मला सांग' म्हणत शरण येतो. आठव्यात कबूल करतो की देवांचं राज्य मिळालं तरी हा शोक जाईल असं दिसत नाही. नवव्यात 'लढणार नाही' म्हणून गप्प बसतो.

म्हणजे प्रत्यक्ष श्रीकृष्णाच्या तोंडची 'चल, ऊठ' पहिल्या फटक्यात लागू पडली नाही. भगवंतांनीही 'याला सांगून उपयोग नाही' म्हणून रथ सोडला नाही. खरा उपदेश सुरू होतो अकराव्या श्लोकापासून आणि 'माझा मोह गेला' असं अर्जुन म्हणतो ते थेट अठराव्या अध्यायात.

एक गोष्ट इथेच सांगतो, नाहीतर गफलत होईल. अर्जुनाचा विषाद म्हणजे डॉक्टर ज्याला डिप्रेशन म्हणतात तो आजार नव्हे. त्याच्यासमोर कारण ढळढळीत उभं होतं. आजारात उदासी, कशातच रस न वाटणं, झोप-भूक बिघडणं, थकवा हे दोन आठवडे किंवा जास्त चालू राहतं, आणि कधी कधी बाहेर कारण सापडतही नाही. गीता हे मानसोपचाराचं पाठ्यपुस्तक नाही. पण खचलेल्या माणसाजवळ कसं थांबायचं, हे मात्र इथे नक्की शिकता येतं.

मी तसा थांबलो नव्हतो. माझा मावसभाऊ, माझ्याच क्षेत्रातला, पुण्यात एकटा राहायचा. तो शांत शांत होत गेला तेव्हा मी त्याला रोज सकाळी एक सुविचार पाठवायचो. तुकोबांचा मन प्रसन्न ठेवण्याविषयीचा अभंग तर तीनदा पाठवला. त्याचा रोज अंगठा यायचा. मला वाटलं, चाललंय बरं. एका शनिवारी सहज त्याच्या खोलीवर गेलो तर दुपारी दोन वाजता पडदे बंद, टेबलावर सुकलेल्या चहाचे कप आणि हा त्याच कपड्यात, बहुतेक कितीतरी दिवस. उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांनी तो म्हणाला, "दादा, तुझा मेसेज वाचला की वाटायचं, मी भक्तीतही नापास."

आपल्या भाषेत सांगायचं तर मी त्याच्या डोक्यात एरर गिळून 'सक्सेस' छापणारा कोड टाकत होतो.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे केवळ माझं दुर्दैव नव्हतं. २००९ मध्ये जोआन वुड आणि सहकाऱ्यांचा कॅनडातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचं स्वतःविषयीचं मत आधीच वाईट होतं, त्यांनी 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' असं घोकल्यावर त्यांना बरं वाटायच्या ऐवजी जास्त वाईट वाटलं. आतून लगेच 'खोटं बोलतोस' असं उत्तर येत असणार. मग विचारांवर कामच करायचं नाही का? करायचं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात जी विचार-उपचारपद्धती मांडली, जिला आज सीबीटी म्हणतात, ती डिप्रेशनमध्ये उपयोगी पडते हे अनेक अभ्यासांतून दिसलंय. पण तिच्यात काळ्या विचारावर गुलाबी रंग मारत नाहीत. 'मी कायमचा नापास' हा विचार खरा आहे का, पुरावा काय, हे शेजारी बसून तपासतात. म्हणजे लॉग वाचतात.

सहाव्या अध्यायातला पाचवा श्लोक, स्वतःच स्वतःला वर काढावं हा, आपण आजारी माणसाच्या डोक्यात काठीसारखा घालतो. त्याच अध्यायातला सतरावा कुणी पाठवत नाही. तिथे जेवण, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जाग हे सगळं बेताचं असलेल्याचा योग दुःख दूर करतो, असं म्हटलंय. भावाच्या डॉक्टरांनीही औषधाबरोबर आधी उठायची वेळ आणि वीस मिनिटं चालणं एवढंच लावून दिलं होतं. विचार नंतर.

आणि तुकोबा! दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला, दुकानाचं दिवाळं निघालं. त्यांच्या गाथेत रडणारे, देवाशी भांडणारे अभंग ढिगाने आहेत. ते आपण फॉरवर्ड करत नाही.

तर ताई, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. गीता जरूर वाच, पण गोळ्या डॉक्टरांना न विचारता थांबवू नकोस. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. थायरॉइड आणि बी-१२ तपासलं नसेल तर विचार त्यांना, कारण त्यांच्या बिघाडानेही असंच वाटू शकतं. वाचवत नसेल त्या दिवशी वाचू नकोस, पारायण मोडलं म्हणून देव रुसत नाही. जगणं नको असे विचार येत असतील तर तू असो वा हे वाचणारं कुणीही, आत्ता जवळच्या माणसाला उठवा आणि १४४१६ वर फोन करा. ती सरकारची टेली-मानस सेवा आहे, दिवसरात्र चालू आणि मोफत.

भाऊ आता पुन्हा कामावर आहे. गोळी चालू आहे. वाईट दिवस असला की तो मला नुसतं एक टिंब पाठवतो. मी सुविचार पाठवत नाही. जमलं तर जातो, आम्ही चहा करतो आणि कप विसळून ठेवतो.

उद्या श्लोक ११ पासून पुढे.

राम कृष्ण हरि.