बिऱ्हाडकरूचा हक्क

ज्या गावी उमेदीची वर्षे काढली, पण ज्या गावाने आपणास कधी आपले म्हटले नाही, त्या गावास घर म्हणावे काय? वसईतील अनेक कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. आखातात बिऱ्हाड थाटायचे, मुलांना तेथील शाळेत घालायचे, रविवारचा मिस्सा शुक्रवारी ऐकायचा आणि नोकरीबरोबर इकामाही संपला की सामान बांधायचे. कायद्याच्या लेखी आमचा तो केवळ मुक्काम होता.

अलीकडे आम्ही उभयता पाहुणे म्हणून कुवेतला जाऊन आलो. जुन्या स्नेह्यांनी रजा काढून शहर दाखवले. आखातात रजेचा दिवस म्हणजे काय, हे तेथे राबलेल्यालाच कळते! त्यांपैकी एकजण तीस वर्षे तेथे आहे, पण कुवेत टॉवर्सवर तो आमच्यासोबतच प्रथम चढला. पोटासाठी गेलेल्याला बस, बकाला आणि पैसे पाठवण्याची रांग एवढेच शहर ठाऊक असते. 1979 साली खुल्या झालेल्या या मनोऱ्यांच्या गोलांत पाणी साठवलेले असते. सर्वांत उंच मनोरा 187 मीटरचा. त्याचा वरचा गोल अर्ध्या तासात एक फेरा घेतो आणि सारे शहर डोळ्यांपुढून सरकते. आम्ही आमची गल्ली शोधत होतो. तेथे उंच इमारत उभी होती. मनात राग दाटून आला.

हा राग न्याय्य होता काय? श्रमाचे दाम मिळाले, व्यवहार संपला, असे कोणी म्हणेल. हिशोब म्हणून ते खरेही आहे. पण ज्या खोलीत मुलाने पहिले पाऊल टाकले, तिचे मोल कोणत्या पगारपत्रकात बसते?

दुसऱ्या दिवशी बोटीने फैलका बेटावर गेलो. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले, त्यानंतर या बेटावरील रहिवाशांना हुसकावण्यात आले. 1991 मध्ये देश मुक्त झाला, पण त्यांची वस्ती पुन्हा बसली नाही. नुकसानभरपाई देऊन त्यांना मुख्य भूमीवरच ठेवण्यात आले. गोळ्यांनी चाळणी झालेली घरे आज सहलीला आलेले लोक पाहतात. ती माणसे तर नागरिक होती, कागद त्यांच्या हाती होते! बेटावर अल्-कुसूर येथे एका प्राचीन ख्रिस्ती मठाचे अवशेषही आहेत. त्या मठवासीयांनीही या जागेस आपले म्हटले असेल. फैलकावर आमचा राग ओसरला, हे खरे. मात्र हक्काचा कागदही घर राखू शकत नाही, ही जाणीव सुखद म्हणता येत नाही.

शिवाय जुन्या गल्लीसाठी हळहळणे ही परत येऊ शकलेल्यांची चैन आहे. 12 जून 2024 रोजी मंगफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि अनेक भारतीय दगावले. त्या इमारतीतील खोल्या हीच त्यांची बिऱ्हाडे होती. मोटार मंगफच्या बाजूने गेली, तेव्हा गाडीत कोणी बोलले नाही.

निरोप घेताना मित्राने विचारले, "पुढल्या वर्षी मी कायमचा वसईला येतोय. तेव्हा मला काय दाखवाल?" त्याच्या वाडीत आता चार मजली इमारत आहे, हे त्याला माहीत होते. आम्ही म्हटले, "आधी ये तर खरा."