किमानाचे शून्य

बेरीज करणारा प्रोग्राम बेरजेची जागा आधी शून्याने भरतो, कारण शून्य मिळवल्याने कोणतीच संख्या बदलत नाही. पण त्याच प्रोग्रामला धन संख्यांतली सर्वांत लहान संख्या शोधायची असेल, तर आरंभी ठेवलेले शून्यच सर्वांत लहान ठरते आणि शोध सुरू होण्याआधीच चुकतो. किमान शोधताना शून्याचे काम अनंताकडे जाते, कारण कोणतीही सांत संख्या आणि अनंत यांतली लहान ती सांत संख्याच असते. गणिताच्या परिभाषेत अनंत हा किमान-क्रियेचा अविकारक घटक, म्हणजे दुसऱ्या घटकाला जसाच्या तसा ठेवणारा घटक होय. म्हणूनच ॲरे, म्हणजे एकाच प्रकारच्या मूल्यांची सलग मांडलेली रांग, अनंताने भरून गणना सुरू करण्याची रीत पडली.

या रीतीमागची अनंताची कल्पना फार जुनी आहे. ब्रह्मगुप्तांनी इ. स. 628 मध्ये शून्याचे गणितीय नियम मांडले, तेव्हा शून्याने भागलेली राशी त्यांनी तशीच, शून्य छेदासह, राहू दिली. भास्कराचार्यांनी 1150च्या सुमारास अशा राशीला ‘खहर’, म्हणजे शून्य हा ज्याचा छेद आहे ती, असे म्हटले आणि तिच्यात कितीही मिळवले किंवा तिच्यातून कितीही वजा केले तरी ती बदलत नाही, हा गुण अनंत अच्युताच्या उपमेने स्पष्ट केला. ज्या आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे, त्यांनी सांगितलेला हा गुण आजच्या संगणकातील अनंतालाही लागू पडतो. मात्र खहराला पुन्हा शून्याने गुणल्यास मूळ राशी परत मिळते, हे त्यांचे मत यंत्राने स्वीकारलेले नाही.

प्रारंभीच्या बहुतेक संगणकांत अनंताला जागाच नव्हती, आणि शून्याने भागाकार झाला की अनेकदा गणनाच थांबे. त्यामुळे प्रोग्राम लिहिणारे 9999 किंवा त्याहून मोठी एखादी संख्या अनंताच्या जागी उभी करत. ही तडजोड वरवर निरुपद्रवी दिसते, परंतु तिच्यात एक खोल दोष आहे: ‘माहीत नाही’ आणि ‘फार मोठे आहे’ या दोन वेगळ्या विधानांना ती एकच चिन्ह देते. 32 बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकातली सर्वांत मोठी संख्या 2147483647 ही अनंत म्हणून वापरली आणि तिच्यात 5 मिळवले, तर यंत्रात सामान्यतः -2147483644 हे उत्तर येते. म्हणजे गावांमधली अंतरे मोजताना जिथे रस्ताच पोहोचत नाही ते गाव सर्वांत जवळचे ठरते.

हा दोष मुळापासून दूर केला तो 1985च्या आयईईई 754 या मानकाने, ज्याच्या घडणीत बर्कलीचे गणितज्ञ विल्यम काहान यांचा वाटा सर्वांत मोठा होता. या मानकातील 64 बिटांच्या संख्येत एक बिट चिन्हाला, 11 घातांकाला आणि 52 अपूर्णांकाला दिलेले असतात. घातांकाचे सर्व बिट 1 आणि अपूर्णांकाचे सर्व 0 असले की ती रचना अनंत दर्शवते. अनंतात 5 मिळवले तरी अनंतच राहते, पण अनंतातून अनंत वजा केल्यास किंवा त्याला शून्याने गुणल्यास ‘नॅन’, म्हणजे संख्या नसलेले मूल्य, मिळते. यंत्राने आपले अज्ञान खोट्या संख्येमागे न दडवता उघडपणे पुढच्या पायरीवर न्यावे, ही या मानकाची खरी थोरवी होय.

अनंताचे नियम ठरल्यावर त्याने भरलेली ॲरे विश्वासार्ह झाली. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी 1959 मध्ये प्रसिद्ध केलेली लघुतम मार्गाची पद्धत आज शिकवली जाते ती आरंभस्थानाला शून्य आणि बाकी सर्व स्थानांना अनंत अंतर देऊनच. गणना संपल्यावर जिथे अनंत उरते तिथे मार्ग नाही, असा त्याचा अर्थ होतो. भाषेच्या प्रतिमानांत तर ऋण अनंताने भरलेला मुखवटा, म्हणजे काही शब्द झाकणारा तक्ता, वापरतात, कारण ऋण अनंताचे घातांकी फलन शून्य येते आणि पुढे येणाऱ्या शब्दांकडे प्रतिमानाचे लक्ष जात नाही. मात्र एखादी संपूर्ण ओळच अशी झाकली गेली, तर तिच्या जागी नॅन उभे राहते.

पायथॉन या संगणकभाषेच्या नमपाय या संग्रहात अनंताने भरलेली ॲरे ‘फुल’ या फलनाने तयार होते, आणि ते 2013 मध्ये येण्यापूर्वी रिकामी ॲरे घेऊन ती वेगळ्या आज्ञेने भरावी लागे किंवा एकांच्या ॲरेला अनंताने गुणावे लागे. शून्यांच्या ॲरेला गुणणाऱ्याच्या हाती मात्र नॅनच येत. पूर्णांकांच्या ॲरेत मात्र आजही अनंत भरता येत नाही, कारण पूर्णांकाच्या बिटांत अनंतासाठी राखलेली एकही रचना नाही.