काम मक्त्याने, पारख घरची

ज्या वस्तूवर आपले नाव आहे ती आपल्याच कारखान्यात घडलेली असावी, ही अपेक्षा एके काळी इतकी स्वाभाविक होती की ती कोणी बोलूनही दाखवीत नसे. आणि गेल्या अर्धशतकात इलेक्ट्रॉनिक उद्योगाने ती इतक्या बिनबोभाट मोडीत काढली की ती मोडल्याची दखलही फारशी कोणी घेतली नाही. १९८१ साली आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या सर्किट बोर्डांचे काम अलाबामातील हंट्सव्हिल येथील एससीआय सिस्टिम्स या कंपनीकडे सोपवलेले होते. १९७४ साली तैवानात दूरचित्रवाणी संचांची प्लास्टिकची बटणे बनवण्यापासून प्रारंभ केलेली होन हाय ही कंपनी फॉक्सकॉन या नावाने आज जगातील सर्वांत मोठी कंत्राटी उत्पादक आहे, आणि १९६६ साली मिशिगनमध्ये स्थापन झालेल्या जेबिलचा कारखाना आपल्या रांजणगावात उभा आहे. या कंपन्यांचा माल घरोघरी पोहोचला आहे; नाव मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते.

यामागचे अर्थशास्त्र नाकारण्यात हशील नाही. एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद एवढासा रेझिस्टर उचलून बोर्डावर नेमक्या जागी ठेवणारी यंत्रे, त्यांच्यापुढची सोल्डर वितळवणारी भट्टी, सांधे निरखणारा कॅमेरा आणि जे सांधे डोळ्याला दिसतच नाहीत त्यांच्यासाठी क्ष-किरण यंत्र, असा सारा सरंजाम मांडण्यास कोट्यवधी रुपये लागतात, आणि तो दिवसरात्र चालता राहिला तरच पोसवतो. ज्याची गरज महिन्याकाठी हजार-दोन हजार बोर्डांत भागते, अशा भोसरीतल्या लहान कारखानदाराने तो स्वतः खरेदी करणे म्हणजे आपल्या भांडवलाला आपणच कुलूप लावणे होय. तेव्हा काम बाहेर द्यावे की देऊ नये, हा प्रश्न बहुतेकांपुरता निकालात निघालेला आहे. कामाबरोबर आणखी काय काय बाहेर जाते, हा प्रश्न मात्र ज्या गांभीर्याने विचारला जावा त्या गांभीर्याने विचारला जात नाही.

शहरात स्थायिक झालेल्या जमीनमालकाचे नाव सातबाऱ्यावर पिढ्यानपिढ्या कायम असते, खंडही वेळेवर पोहोचतो. पण कोणत्या बांधाशी पाणी तुंबते आणि कोणत्या तुकड्यात हरभरा चांगला येतो, ही माहिती ज्याच्या हाती नांगर आहे त्याच्याकडे नकळत जात राहते, आणि ज्या दिवशी मालकाला तिची निकड भासते त्या दिवशी नेमके काय विचारावे हेही त्याला सुचत नाही. कंत्राटी उत्पादनाची स्थिती याहून वेगळी नाही. करारनाम्याने श्रम सोपवता येतात, यंत्रांचा खर्च वाटून घेता येतो, मालाच्या साठ्याची जोखीमही काही अंशी दुसऱ्याच्या शिरी देता येते. पण चांगले काय आणि वाईट काय हे ओळखण्याची शक्ती सोपवण्याजोगी नाही, आणि जो ती सोपवू पाहतो तो प्रत्यक्षात ती गमावून बसतो.

याचा प्रत्यय पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. सुट्या भागांच्या यादीतली एखादी ओळ पुरे. यंत्रतज्ज्ञाने यादीत लिहिलेले असते: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. तो १०५ अंशांचा हवा, हे त्याच्या मनात पक्के असते. मात्र कागदावर ते उतरलेले नसते. कंत्राटदार ८५ अंशांचा कपॅसिटर बसवतो, कारण तो स्वस्त आहे, बाजारात सहज मिळतो आणि यादीतल्या प्रत्येक अक्षराला तो उतरतो. बोर्ड टेबलावरची चाचणी निर्वेध पार करतो. तापमान दहा अंशांनी वाढले की या जातीच्या कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, हा या धंद्यातला सर्वमान्य ठोकताळा आहे; इतर गोष्टी समान धरल्या तर वीस अंशांच्या या फरकाने आयुष्य एक-चतुर्थांश उरते. तो बोर्ड विदर्भातल्या एखाद्या शेतावर, मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत बसणार असेल, तर जो दोष टेबलावर दिसला नाही तो दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात दिसू लागतो. यात अप्रामाणिक कोणीच नव्हते. जे ज्ञान कागदावर यावयास हवे होते ते एका माणसाच्या डोक्यात राहिले, आणि ते तिथे आहे हेच समोरच्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

म्हणूनच कंत्राटदाराची निवड करताना त्याच्या दरपत्रकाइतकेच त्याच्या शंकांकडे लक्ष द्यावे. एकच यादी तिघांना पाठवली असता दुसऱ्याच दिवशी सर्वांत कमी आकडा कळवणारा एक असतो, आणि चार दिवस घेऊन दहा-बारा प्रश्न विचारणारा एक असतो: हा कपॅसिटर किती अंशांचा, अमुक आयसी मिळाला नाही तर कोणता चालेल, सोल्डरिंग आयपीसी-ए-६१० या प्रमाणकाच्या कोणत्या श्रेणीनुसार तपासायचे, चाचणीचा जिग कोण बनवणार आणि तो कोणाच्या मालकीचा राहणार. सरकारी निविदांच्या वळणावर वाढलेल्या आमच्या खरेदी खात्यांना हा दुसरा मनुष्य किरकिऱ्या वाटतो. वस्तुतः त्याने आपल्या वतीने आपलीच यादी तपासून दिलेली असते. त्या प्रमाणकात तीन श्रेणी आहेत, आणि घरगुती खेळण्यात खपून जाणारा सांधा जीवरक्षक उपकरणात नापास ठरू शकतो. ज्या करारात श्रेणीचा आकडा नसून केवळ 'उत्तम दर्जा' एवढेच शब्द आहेत, त्या कराराने उभयतांपैकी कोणालाच बांधलेले नसते.

प्रत्यक्ष भेटीसंबंधीही असेच म्हणता येईल. स्वागतकक्षातली प्रमाणपत्रे पाहून आणि चहा घेऊन परतण्यापेक्षा थेट स्टोअरमध्ये जावे आणि उघडलेल्या पाकिटांकडे पाहावे. आयसीचे प्लास्टिक हवेतली आर्द्रता शोषून घेते. म्हणून ते दमटपणा दाखवणाऱ्या कार्डासह हवाबंद पाकिटात येतात, आणि त्यांतल्या तिसऱ्या पातळीच्या भागांसाठी पाकीट उघडल्यापासून १६८ तासांची मुदत असते, तीही ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता यांच्या मर्यादेत. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात ही मर्यादा बाहेरच्या हवेत पाळली जाणे अशक्यप्राय आहे. मुदत टळलेला भाग न भाजता तसाच भट्टीत गेला, तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन त्याचे अंग आतून तडकते, आणि ती तड वरून दिसेलच असे नाही. पाकिटावर ते उघडल्याची वेळ कोणाच्या तरी हस्ताक्षरात लिहिलेली आहे की नाही, एवढ्या एका गोष्टीवरून त्या कारखान्याच्या शिस्तीसंबंधी जे कळते ते भिंतीवरच्या चौकटींवरून कळत नाही.

परंतु निवड म्हणजे संबंधाचा आरंभ. तो टिकतो की नासतो हे पुढे देणाऱ्याच्या वर्तनावर अवलंबून असते, आणि या बाबतीत देणाऱ्यांची कीर्ती फारशी उजळ नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असे २००६ च्या कायद्याने फर्मावले. तरीही रक्कम थकतच राहिली, म्हणून २०२३ च्या वित्त अधिनियमाने अशी तरतूद केली की मुदतीत न दिलेली रक्कम ती प्रत्यक्ष देईपर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा मिळू नये. ज्या सौजन्यासाठी दोनदा कायदा करावा लागला, त्याची व्यवहारात किती टंचाई असेल हे वेगळे सांगावयास नको. ज्याचे बिल चार महिने अडकले आहे तो कंत्राटदार अधिकृत वितरकाची उधारी फेडू शकत नाही. मग तो तोच भाग ज्याचे कूळमूळ ठाऊक नाही अशा दलालाकडून उचलतो, आणि पुसून पुन्हा छापलेल्या नकली आयसीला आपल्या बोर्डावर जागा मिळते. आपल्या हिशेब खात्याने वाचवलेले व्याज आपल्याच दुरुस्ती खात्याच्या नावे पडलेले असते. ते निराळ्या खतावणीत असल्यामुळे दिसत नाही इतकेच.

पुरवठादाराशी असलेल्या नात्याची खरी कसोटी वाईट बातमीच्या वेळी लागते. १७ मार्च २००० रोजी न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथे वीज पडून फिलिप्सच्या चिप कारखान्यात आग लागली. ती काही मिनिटांतच विझली. मात्र धूर आणि पाणी यांमुळे ज्या दालनांत धुळीचा कणही चालत नाही ती दालने नासली. त्या कारखान्याचे दोन मोठे ग्राहक, नोकिया आणि एरिक्सन, या दोघांनाही सुमारे आठवडाभराचा विलंब होईल असेच प्रथम कळवण्यात आले. नोकियाने त्या भागांवर रोज नजर ठेवली, आपली माणसे धाडली, इतर कारखान्यांत क्षमता मिळवली आणि जिथे शक्य तिथे दुसऱ्या पुरवठादाराची चिप चालेल असा बदल केला. एरिक्सनने वाट पाहिली, आणि जेव्हा वस्तुस्थिती वरिष्ठांपर्यंत पोहोचली तेव्हा बाजारातली मोकळी क्षमता संपलेली होती. एरिक्सनचे नुकसान सुमारे ४० कोटी डॉलरांचे झाले, आणि पुढच्याच वर्षी तिने आपला फोनचा व्यवसाय सोनीबरोबरच्या भागीदारीत घातला. दोघींना मिळालेली बातमी एकच होती. पण तिचे वजन ओळखणारी माणसे एकीकडे होती आणि त्यांना बोलण्याची मुभाही होती.

याच सुमारास सिस्कोने याची दुसरी बाजू अनुभवली. तिचे बहुतेक उत्पादन कंत्राटदारांकडे होते. मालाचा तुटवडा भासू लागताच ग्राहकांनी गरजेहून अधिक मागण्या नोंदवल्या, अनेक कंत्राटदार त्याच मागणीसाठी त्याच भागांच्या मागे लागले, आणि एकाच गरजेची छाया अनेक वह्यांत पडून ती अनेकपट भासू लागली. २००१ साली मागणी ओसरली, तेव्हा सुमारे २२५ कोटी डॉलरांचा साठा तिला निकालात काढावा लागला. अंदाज जितक्या हातांतून जातो तितका तो आपल्या मूळ कारणापासून दूर जातो. म्हणून आपला विक्रीचा अंदाज कंत्राटदाराला देताना त्यातले पक्के किती आणि आशेवरचे किती, हे स्पष्ट सांगणे हे औदार्य नसून स्वसंरक्षण आहे.

या सर्वांतून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. ज्याला काम बाहेर द्यावयाचे आहे त्याने आपल्या घरी एक टेबल, एक सोल्डरिंग स्टेशन आणि तो बोर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः जोडून चालू करू शकेल असा निदान एक तरी माणूस राखावा, आणि त्याचा पगार हा अनाठायी खर्च आहे असे हिशेब तपासनिसाने कितीही वेळा सुचवले तरी त्या सूचनेला दाद देऊ नये. तो माणूस वर्षात कदाचित दहाच बोर्ड बनवील. पण कंत्राटदाराचे प्रश्न योग्य आहेत की पळवाटेचे, वाढीव दर रास्त आहे की आगंतुक, एका आठवड्याचा विलंब खरोखर एका आठवड्याचाच आहे की नाही, याचा निवाडा करण्याचा अधिकार त्या दहा बोर्डांच्या बळावर आपल्याकडे राहील. ग्राहक तक्रार घेऊन येतो तो पेटीवरच्या नावाकडे येतो. ते नाव लावण्याची योग्यता करारनाम्यातल्या कोणत्याही कलमाने मिळत नाही, ती त्या एका टेबलावर दरवर्षी नव्याने कमवावी लागते.