चार वाटांचा पैसा



श्रावणातल्या एका सोमवारी इष्टलिंगपूजा आटोपून आम्ही बाहेर आलो, तोच बेळगावजवळच्या एका गावातले तरुण दांपत्य दर्शनास आले. पती पतसंस्थेत कारकून, पत्नी घरी शेंगदाण्याची चटणी करणारी. त्याने पाच हजार एक रुपये दासोहासाठी पुढे ठेवले आणि म्हणाला, "अप्पाजी, पगाराखेरीज आता चार वाटांनी पैसा येतो. हिची चटणी मोबाईलवरून परगावी विकली जाते. इलकल साड्यांची मागणी घेऊन आम्ही विणकराकडून त्या पाठवतो. हिच्या स्वयंपाकाच्या व्हिडिओंवर जाहिराती लागतात, त्याचे थोडे मिळतात. आणि दुसऱ्यांच्या वस्तूंची शिफारस केली की विक्रीमागे कमिशन मिळते. मित्र म्हणतात, ही हाव आहे. आपणच सांगा, हे कायक की हाव?"

आम्ही उत्तर देणार, तोच पत्नी हळूच म्हणाली, "चौथ्या वाटेचं सगळं सांगा की अप्पाजींना."

मग ते बाहेर आले. त्याने एका सांधेदुखीच्या तेलाची शिफारस केली होती. 'मी स्वतः वापरून बरा झालो' असे तो बोलला होता. प्रत्यक्षात बाटलीचे बूचही उघडले नव्हते. गावाकडच्या अत्याबाईंनी भाच्याच्या शब्दावर तीन बाटल्या मागवल्या आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांत गुडघे सुजून उठणेबसणे अवघड झाले. "त्या अजून मला बोल लावत नाहीत," तो म्हणाला, "माझंच अंग वाईट, म्हणतात."

सद्भक्तहो, वाटा किती, हा प्रश्नच नव्हे. एकाच धंद्यात पाप करणारे आहेत आणि दिवसा नोकरी करून रात्री शिवणयंत्र चालवणाऱ्या पुण्यवान माताही आहेत. पाहायचे ते एवढेच, की प्रत्येक वाटेवर आपले श्रम आहेत का, आपले वचन खरे आहे का, आणि घेणाऱ्याचे हित होते का. चटणीत त्या माउलीचे हात आहेत. साडीत विणकराला योग्य दाम आणि ग्राहकाला सांगितला तोच माल मिळत असेल, तर मधल्या माणसाची मेहनतही कायकच आहे.

नुलिय चंदय्या हे शिवशरण गवताच्या दोऱ्या वळून विकत आणि त्यावर जंगमदासोह चालवीत. कथा अशी सांगतात, की एकदा प्रत्यक्ष लिंगदेवच त्यांची दोरी विकायला निघाले आणि बसवण्णांकडून दोरीच्या मोलापेक्षा कितीतरी अधिक सोने घेऊन आले. चंदय्यांनी ते स्वीकारले नाही. दोरीचे जे मोल, तेवढेच आणा, असे त्यांनी देवालाच बजावले! देव विकणारा असला तरी वस्तूचे मोल वाढत नाही. मग आपल्या गोड बोलण्याने ते कसे वाढेल?

शासनाचे नियमही आज हेच सांगतात. 2020 च्या ई-वाणिज्य नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून आपल्याच मालाची स्तुती लिहिणे निषिद्ध आहे. जानेवारी 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शन केले, की शिफारशीमागे पैसा किंवा भेटवस्तू असेल तर ते स्पष्ट सांगावे आणि स्वतः न वापरलेल्या वस्तूची भलावण करू नये. कायद्याला हे सांगण्याची वेळ यावी, ही शरणांच्या वारसांना शोभणारी गोष्ट नव्हे.

आम्ही विचारले, "बाळ, या पाच हजारांत चौथ्या वाटेचे किती?" त्याने मोबाईलवर हिशेब पाहून सांगितले, अठराशे. तेवढे आम्ही बाजूला काढले. "हे दासोहात बसत नाहीत. अत्याबाईंच्या उपचाराला लाव. ते दान नव्हे, देणे आहे. तो व्हिडिओ काढून टाक, आणि ज्या तोंडाने खोटे सांगितलेस त्याच तोंडाने खरे सांग."

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अप्पाजी, तसं सांगितलं तर पुढं शिफारशीचं काम कोण देईल? घराचे हप्ते आहेत."

हे भय खरे आहे; आम्ही ते हसण्यावारी नेले नाही. पण याचे उत्तर आयदक्की लक्कम्मांनी बाराव्या शतकातच देऊन ठेवले आहे. पती मारय्या बसवण्णांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून आणीत. एके दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त घेऊन आले. घरात दारिद्र्य होते, तरी त्या माउलीने जास्तीचे दाणे परत टाकून यायला लावले. हाव शिरली की कायकाचे तेज जाते, हे ती जाणत होती. दाणे परत गेले म्हणून तिचा दासोह थांबला नाही.

आता आमचीही एक चूक सांगतो. याच मासिकात पूर्वी एका औषधाची जाहिरात आम्ही चौकशी न करता छापली होती. पैसे दासोहाला येतात, एवढेच पाहिले. त्या मुलाला उपदेश करताना ती आठवली आणि जीभ अडखळली. यापुढे औषधांच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत, असे त्याच दिवशी संपादकांना सांगितले. पान रिकामे राहिले तर राहो.

पुढच्या महिन्यात ते दोघे अत्याबाईंना घेऊन आले. कठडा धरून, थांबत थांबत त्या मठाच्या पायऱ्या चढल्या. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. त्याने खरे सांगितले होते. कमिशनची वाट त्या महिन्यात कोरडी गेली. चटणीच्या मागण्या मात्र नेहमीसारख्या आल्या. त्या दिवशीच्या प्रसादाच्या पंगतीत तीच चटणी वाढली गेली.

आपणही आज रात्री हिशेबाची वही उघडा आणि प्रत्येक रकमेपुढे एकच प्रश्न लिहा, ही इष्टलिंगासमोर ठेवता येईल काय?

शरणु शरणार्थी.