मेलेल्याला मारलं तर

झॉम्बीला गोळी घालताना कारण द्यावं लागत नाही. तो तुमच्या दिशेने येतोय, एवढं पुरतं. तो घाबरलाय का, शरण येईल का, घरी कुणी त्याची वाट बघतंय का, असलं काही तुम्ही विचारत नाही आणि गेम तेवढा वेळही देत नाही. गेली काही वर्षं मी असा एक गेम अधूनमधून खेळतोय, आणि खेळताना एक प्रश्न डोक्यात घोळत राहतो. ज्याला मारल्याचं काहीच वाटू नये, असा शत्रू आपल्याला इतका का आवडतो?

गेमचं नाव ‘झॉम्बी आर्मी ट्रिलॉजी’. ऑक्सफर्डच्या रिबेलियन कंपनीचा. ‘स्नायपर एलिट’ ही त्यांची दुसऱ्या महायुद्धातली नेमबाजीची मालिका, आणि हा तिचाच भुताटकी झालेला भाऊ. पहिले दोन भाग २०१३ मध्ये आले. २०१५ मध्ये तिसरा जोडून तिन्ही एकत्र निघाले. ३१ मार्च २०२० ला तो निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या कन्सोलवर आला. आपल्याकडे लॉकडाऊन लागून तेव्हा आठवडा झाला होता. स्विचची भारतात अधिकृत विक्री नव्हती. आमच्या घुग्घुसमध्ये ते आलं माझ्या आतेभावाच्या बॅगेतून.

कथा दोन ओळींची आहे. १९४५, बर्लिन. पराभव समोर दिसतोय म्हणून हिटलर शेवटचा हुकूम सोडतो आणि मेलेले जर्मन सैनिक उठून उभे राहतात. तुमच्या हातात दुर्बीण लावलेली रायफल. एकूण पंधरा मोहिमा. एका बंद चौकात अडकायचं, लाटांमागून लाटा परतवायच्या, सुरक्षित खोलीत पोचायचं, गोळ्या भरायच्या, पुढचा चौक. पाच-सहा मोहिमांनंतर तोचतोचपणा जाणवतो, हे खरं. एकट्याने खेळलं तर जास्तच. चार जण मिळून खेळायची सोय आहे आणि खरी मजा तिथेच आहे.

पण नेम धरायची मजा मात्र अस्सल आहे. गोळी सरळ रेषेत जात नाही, लांब जाताना खाली येते. श्वास रोखला की क्षणभर हात स्थिर होतो. स्विचवर तर कन्सोलच हलकेच कलवून नेम साधता येतो, त्यामुळे मनगटाचा कंप पडद्यावर दिसतो. आणि नेम अचूक बसला की वेळ संथ होतो. कॅमेरा गोळीबरोबर उडत जातो आणि क्ष-किरणातून दिसावं तसं आत फुटणारं हाड दाखवतो.

माझा एक मित्र कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे. हा कॅमेरा बघून मी एकदा तोंड वाकडं केलं, तेव्हा तो म्हणाला, “अबे, मेलेलेच आहेत न ते. मेलेल्याले मारलं तं काय पाप लागते?”

त्याचा युक्तिवाद पक्का आहे, आणि आधी तोच नीट मान्य करायला हवा. पडद्यावर कुणी मरत नाही. तिथे आहेत ते रंगाचे ठिपके. बुद्धिबळात प्यादं मारल्यावर कुणी सुतक पाळत नाही. गेम खेळून पोरं खुनी होतात, हे आपल्या काका-मामांचं लाडकं मत मला पटत नाही. भारतात पबजीवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली तीही हिंसेसाठी नव्हती, सरकारने कारण दिलं होतं देशाच्या सुरक्षिततेचं आणि लोकांच्या माहितीचं. तेव्हा झॉम्बीला मारलं म्हणून पाप लागत नाही. प्रश्न इथे संपायला हवा होता.

तो संपत नाही, कारण मजा जर नेमाचीच असेल तर झॉम्बी कशाला हवा? कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. ५० मीटरवरच्या त्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं असतं. श्वास तोच, एकाग्रता तीच, कठीणपणा कितीतरी जास्त. समोर मात्र फक्त वर्तुळं. आपण त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, पण वर्तुळांवर गोळ्या झाडणारा गेम तुमच्यापैकी किती जण रात्री दोनपर्यंत खेळाल? आपल्याला समोर काहीतरी माणसासारखं हवं असतं, आणि ते माणूस नाही अशी हमीही हवी असते. झॉम्बी या दोन्ही अटी पुरवतो. हा गेम तर हमी दोनदा देतो: समोरचा नाझी आहे, आणि वर मेलेलाही आहे.

या हमीचा इतिहास बघण्यासारखा आहे. झॉम्बी आला हैतीमधून. तिथे फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम मरेपर्यंत राबत. १७९१ मध्ये त्यांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. तिथल्या लोककथांमधला झॉम्बी कुणाला चावत नाही. तो म्हणजे मेल्यावरही ज्याची सुटका झाली नाही असा माणूस. मांत्रिक त्याला उठवतो आणि मळ्यात राबवतो. त्याला घाबरायचं नसतं, भीती असते ती आपण स्वतः तसं होण्याची. म्हणजे मुळात झॉम्बी हा शोषणाचा बळी होता. हॉलिवूडने त्याला उचललं, आणि १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ने त्याला माणसं खाणारा जमाव करून टाकलं. त्या सिनेमात झॉम्बी हा शब्दही येत नाही, पण आजच्या सगळ्या झॉम्बींचा बाप तोच.

त्या सिनेमाचा शेवट मला या गेमपेक्षा जास्त घाबरवतो. बेन नावाचा कृष्णवर्णीय नायक रात्रभर झुंजून एकटा जिवंत उरतो. सकाळी शेरीफची बंदूकधारी टोळी येते. खिडकीत त्यांना एक आकृती दिसते. लांबून नेम धरून एक जण गोळी घालतो आणि बेन मरतो. त्यांना वाटलं, हाही त्यातलाच. कुणी हाक मारली नाही, कुणी जवळ गेलं नाही. झॉम्बीच्या मूळ सिनेमातला शेवटचा बळी हा लांबून चुकीचा ओळखला गेलेला माणूस आहे.

गेममध्ये अशी चूक होऊच शकत नाही. समोरचा झॉम्बी आहे हे कंपनीने आधीच ठरवून दिलंय. तुम्हाला फक्त नेम धरायचाय. बाहेरच्या जगात मात्र ‘हा झॉम्बी आहे’ हे कुणीतरी ठरवतं, आणि आपण बहुतेक वेळा ते ठरल्यानंतर पोचतो.

घुग्घुसहून वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री त्याच जिल्ह्यात, बोराटीजवळ, टी-१ वाघीण मारली गेली. शहरातले लोक तिला अवनी म्हणत. दोन वर्षांत तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर लावले गेले होते. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला होता. शेवटी खासगी शार्पशूटरची गोळी लागली. मागे दोन बछडे राहिले. आधी बेशुद्ध करायचा प्रयत्न नियमाप्रमाणे झाला का, यावर नंतर चौकशा झाल्या आणि कडक ताशेरेही आले. गावांमध्ये फटाके वाजले, मुंबई-पुण्यात मेणबत्त्या लागल्या.

मी या भागातला आहे, त्यामुळे फटाक्यांना हसणं मला जमत नाही. पहाटे मोहफुलं वेचायला जाणारी बाई, तेंदूपत्ता तोडणारं कुटुंब, कापसात वाकलेला शेतकरी, या सगळ्यांच्या पाठीला डोळे नसतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारात एका कामगाराला वाघाने मारलं. ड्यूटी संपवून घरी निघालेला माणूस. इथे भीती ही चर्चेची गोष्ट नाही, ती संध्याकाळी सहानंतर घरात बसवते.

तरीही त्या दिवसांत एक गोष्ट घडत होती. एका बाजूला ती ‘नरभक्षक’ होती, दुसऱ्या बाजूला ‘आई’. पहिल्या शब्दाने वाघीण नाहीशी झाली, दुसऱ्याने तेरा माणसं. गंमत म्हणजे आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात नरभक्षक हा शब्दच नाही. कलम ११ म्हणतं ‘माणसाच्या जिवाला धोकादायक’. आदेश लेखी हवा, त्यात कारणं हवीत. आणि त्या प्राण्याला पकडता, बेशुद्ध करता किंवा दुसरीकडे नेता येत नाही, अशी खात्री झाल्याशिवाय ठार मारायचा आदेश देता येत नाही.

हे वाचायला रटाळ वाटतं, पण मला त्यात मोठं नैतिक शहाणपण दिसतं. कायदा मारायला बंदी करत नाही. तो फक्त मारणं सोपं होऊ देत नाही. कारण लिही, सही कर, दुसरा मार्ग नव्हता हे दाखव. नरभक्षक म्हटलं की या तिन्ही पायऱ्या गळून पडतात, कारण शब्दातच निकाल लागलेला असतो. आणि दुसरा मार्ग असतो, हे आमच्याच भागाने दाखवलंय. राजुऱ्याचा आरटी-१ ऑक्टोबर २०२० मध्ये जिवंत पकडला गेला. वडसा भागातला सीटी-१ ऑक्टोबर २०२२ मध्ये. त्याच्या नावावरही तेरा मृत्यू होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जंगलात अंधारात उभ्या असलेल्या वनरक्षकाने असा विचार करत बसायचं का? तो अडखळला तर उद्या चौदावा माणूस जाईल. खरंय. म्हणून ओझं ट्रिगरवरच्या बोटावर टाकायचंच नाही. ते आदेश देणाऱ्याने आणि त्याला ‘मार, मार’ म्हणून ओरडणाऱ्या आपण सगळ्यांनी आधीच उचलायचं. कधीकधी मारावं लागतं, हे मी नाकारत नाही. मारावं लागलं तर त्याचं काहीतरी वाटायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे. झॉम्बी हा शब्द नेमकं ते वाटणं काढून घेतो.

वाघापाशी हे थांबत नाही. शेजारच्या गडचिरोलीतून बातम्या येतात तेव्हा मोबाइलवर आधी आकडा चमकतो. ऑक्टोबर २००९, लाहेरी: १७ पोलीस. नोव्हेंबर २०२१, मर्दिनटोला: २६ माओवादी. मथळ्यात ‘खात्मा’ हा शब्द असतो. बंदुकीने राज्य उलथू पाहणाऱ्यांशी पोलिसांनी लढावं की नाही, हा माझा प्रश्न नाही. पण त्या आकड्यांत गोंडी बोलणारी, याच मातीतली पोरं दोन्हीकडे असतात. आकडा वाचून आपल्या अंगठ्याने पुढे सरकणं आणि गेममधला स्कोअर बघणं, यात फरक राहिला पाहिजे.

मग इतका सोपा शत्रू आपल्याला हवासा का वाटतो? मला वाटतं, आपल्या बऱ्याचशा भीतींना चेहरा नसतो म्हणून. गेममध्ये जमिनीतून मढी वर येतात. आमच्या गावात जमीनच खाली जाते. २६ ऑगस्ट २०२२ ला घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गडप झालं. खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी. घरातले लोक वेळेत बाहेर पडले म्हणून वाचले. आता सांगा, गोळी कुणावर झाडायची? पोकळीवर? उन्हाळ्यात दोरीवरच्या कपड्यांवर बसणाऱ्या काळ्या धुळीवर? जिथे नेम धरायला काही नाही तिथली भीती आतल्या आत साचते, आणि समोर कुणी झॉम्बी दिला की ती सगळी त्याच्यावर रिकामी होते. पडद्यावर होते तोवर बरंच आहे. वाघावर, परप्रांतीयावर, शेजारच्या वस्तीवर व्हायला लागली की पोकळी तशीच राहते आणि मरतो दुसराच कुणीतरी.

मराठीत ‘झोंबी’ हा शब्द या भुतांच्या आधीपासून आहे. आनंद यादवांच्या ज्या पुस्तकाला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याचं नाव हेच. झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली झटापट. तिच्यात समोरच्याचा श्वास ऐकू येतो, त्याचा घाम लागतो, आणि त्याला झॉम्बी समजणं शक्यच होत नाही. दुर्बिणीतून हे सगळं गाळलं जातं, उरते फक्त आकृती. बेन त्या खिडकीत असाच एक आकृती होऊन उभा होता.

तर गेम घ्यावा का? मित्र असतील तर जरूर. एकट्याने रोज एकदोन चौकच खेळा, नाहीतर कंटाळाल. हाडं फुटताना बघून मजा वाटली तर स्वतःला गुन्हेगार समजू नका, तिथे खरंच कुणी मेलेलं नाही. स्विच बंद करून मोबाइल हातात घेतला आणि तिथे कुणाचा तरी ‘खात्मा’ झाल्याचं दिसलं, तर मात्र जरा थांबा. त्याला हे नाव कुणी दिलं, कारण कुठे लिहिलंय का, दुसरा मार्ग होता का, एवढं विचारा. उत्तरं समाधानकारक निघतीलही. पण विचारेपर्यंत तरी समोरचा जिवंत असतो.